ब्रेडवर बुरशी वाढवण्याचा प्रयोग: बारा पिशव्या, दोन आठवडे

ब्रेडवर बुरशी यायला आपल्याला काहीच करावं लागत नाही. पाकीट विसरलं की ती येतेच. एका तुकड्यावर आली आणि शेजारच्या तुकड्यावर आली नाही, ते नेमकं कशामुळे, हे खात्रीने सांगायचं ठरवलं की मात्र खरं काम सुरू होतं. बहुतेक वह्यांमध्ये निष्कर्ष असतो, ‘ओल्या ब्रेडवर बुरशी आली, कोरड्यावर नाही’. पण ओला तुकडा खिडकीत ठेवलेला असतो आणि कोरडा कपाटात. कधी कोरडा तुकडा तव्यावर भाजून घेतलेला असतो. मग बुरशी कोरडेपणामुळे आली नाही, की भाजताना बीजाणूच, म्हणजे बुरशीच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या बियाच, मेल्या? या नोंदीवरून काहीच सांगता येत नाही. खाली दिलेली मांडणी हा प्रश्न सोडवण्यासाठीच केली आहे. तिला फारसं सामान लागत नाही, फक्त पहिल्या दिवशी दोनेक तास नीट लक्ष द्यावं लागतं.

सुरुवातीलाच एक नियम. तुकडा पिशवीत घालून पिशवी बंद केली की ती पुन्हा उघडायची नाही, शेवटच्या दिवशीसुद्धा नाही. सगळं निरीक्षण पिशवीबाहेरून. दमा किंवा बुरशीची ॲलर्जी असलेल्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी झालेल्यांनी या प्रयोगाला हात लावू नये. मुलं करत असतील तर कापणं, भाजणं आणि शेवटची विल्हेवाट मोठ्यांकडे.

बुरशी येते कुठून

भाजताना पावाचा गाभा ९५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो आणि वरचा पापुद्रा त्याहून कितीतरी जास्त. या उष्णतेत बुरशीचे बीजाणू टिकत नाहीत. म्हणजे भट्टीतून बाहेर आलेल्या पावावर जिवंत बुरशी जवळजवळ नसतेच. ती नंतर बसते. पाव गार होताना हवेतून, कापताना पात्यावरून, भरताना हातांवरून, आणि घरी पाकीट उघडल्यावर पुन्हा हवेतून. पेनिसिलियमसारख्या बुरशीचा एक बीजाणू तीन-चार मायक्रोमीटरचा असतो. एका मिलिमीटरच्या रेघेवर असे अडीचशेच्या वर ओळीने मावतील. ताज्या ब्रेडवर ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण असतात.

बुरशी अशीच, आपोआप उपजते असं पूर्वी बरेच लोक मानत. इटलीतल्या पिएर अँतोनिओ मिकेली या वनस्पतिशास्त्रज्ञाने १७२९ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात याला उत्तर दिलं. त्याने बुरशीचे बीजाणू खरबुजाच्या फोडींवर पेरले आणि ज्या जातीचे पेरले तीच बुरशी उगवलेली पाहिली. आपल्या प्रयोगात पेरणी हवा करणार आहे, आणि हवा सगळीकडे सारखी पेरत नाही. एका तुकड्यावर दहा बीजाणू पडतील, दुसऱ्यावर दोन. हा योगायोग पुरता टाळता येत नाही, म्हणून प्रत्येक प्रकारचे किमान तीन तुकडे हवेत. एकेकच तुकडा घेतला तर आपण ओलाव्याचा परिणाम मोजतोय की नशिबाचा, हे कळायला मार्ग नाही.

चार गट

एका स्लाइसचे चार सारखे तुकडे करायचे आणि प्रत्येक तुकडा वेगळ्या गटात टाकायचा:

क – जसा आहे तसा.
ख – वरून १० थेंब पाणी.
ग – मंद आचेवर सुकवून कडक केलेला.
घ – ग सारखाच सुकवलेला, पण सुकताना जेवढं पाणी गेलं तेवढंच पुन्हा घातलेला.

अशा तीन स्लाइस, म्हणजे बारा तुकडे आणि बारा पिशव्या.

यातला घ गट सगळ्यांत मोलाचा आणि बहुतेक ठिकाणी तोच गाळलेला असतो. त्याच्या वाट्याला ग इतकीच उष्णता आली, पण त्याचा ओलावा क च्या जवळपास आहे. ग स्वच्छ राहिला आणि घ वर बुरशी आली, तर बुरशीला कोरडेपणाने अडवलं असं म्हणता येतं. दोन्ही स्वच्छ राहिले तर ते म्हणता येत नाही.

चारही तुकडे एकाच स्लाइसमधून घेण्यालाही कारण आहे. पाकिटातल्या सगळ्या स्लाइस सारख्या नसतात. एखादी पात्याला जास्त घासलेली असते, कडेची जास्त वाळलेली असते. चौघांचा उगम एक असला की हा फरक चौघांत वाटला जातो.

साहित्य

ब्रेड निवडताना वेष्टनावरचे घटक वाचा. कॅल्शियम प्रोपिओनेट किंवा २८२ हा क्रमांक, पोटॅशियम सॉर्बेट किंवा २०२ हा क्रमांक दिसला तर त्यात बुरशी रोखणारं रसायन आहे. असा ब्रेड चालतो, पण वाट जास्त दिवस पाहावी लागते. पहिल्या प्रयोगाला असं काही न घातलेला पांढरा ब्रेड बरा. आंबट पिठाचा पाव नको, त्यातली आम्लं बुरशीला मागे रेटतात. तीळ किंवा इतर बिया असलेलाही नको, कारण चौथ्या दिवशी काळा ठिपका दिसला की ती बी की बुरशी यावर वाद होतो. पाकिटाच्या दोन्ही टोकांच्या स्लाइस बाजूला ठेवा.

बाकी सामान: झिप असलेल्या साधारण १५ बाय २० सेंटिमीटरच्या पारदर्शक पिशव्या बारा आणि नंतरसाठी दोन मोठ्या, चिकटपट्टी, न पुसणारा मार्कर, ड्रॉपर किंवा सुई काढलेली ५ मिलिलिटरची नवी सिरिंज, उकळून गार केलेलं पाणी, एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा काटा, थर्मामीटर, धुऊन कोरडी केलेली सुरी, चिमटा, दोन मोठे ट्रे, भिंग आणि टॉर्च. शिवाय कार्डबोर्डचा ५ बाय ५ सेंटिमीटरचा चौकोन आणि तेवढ्याच मापाचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा, ज्यावर एक-एक सेंटिमीटरच्या रेघा मारून २५ घरं केलेली असतील. हीच आपली मोजपट्टी.

ड्रॉपर आधी मोजून घ्या. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरतात, पण ड्रॉपरच्या तोंडाप्रमाणे हा आकडा बदलतो. ५ मिलिलिटर भरायला किती थेंब लागले ते मोजा आणि पाचाने भागा. सिरिंज असेल तर ही कटकट नाही.

पहिला दिवस

पिशव्यांवर आधी नावं घाला: १-क, १-ख, १-ग, १-घ, मग २ आणि ३ च्या. तारीख आणि वेळही. ब्रेड आत गेल्यावर पिशवीवर लिहायला गेलं की तुकडा दबतो आणि पृष्ठभाग पिशवीला चिकटतो.

कार्डबोर्डचा चौकोन ठेवून प्रत्येक स्लाइसचे चार तुकडे कापा. कडेचा पापुद्रा काढून टाका. स्लाइस लहान असेल तर ४ बाय ४ चे तुकडे करा आणि मोजपट्टीवर १६ घरं आखा. मोठ्या तुकड्यांच्या हट्टापायी एकाला पापुद्रा आणि दुसऱ्याला नाही असं करू नका. कोणता तुकडा कोणत्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवा. चिठ्ठ्यांचा सोपस्कार वाटतो, पण नजरेने निवडताना चांगला दिसणारा तुकडा आपण नकळत एकाच गटात टाकत जातो.

आता ग आणि घ चे सहा तुकडे एकत्र तोला. एकेक तुकडा जेमतेम सहा-सात ग्रॅमचा, त्यामुळे एक ग्रॅमचा काटा एका तुकड्याला पुरत नाही, सहा मिळून पुरतो. ओव्हनमध्ये १०० अंशांवर पाऊण ते एक तास, किंवा जाड तव्यावर अगदी मंद आचेवर उलटत-पालटत सुकवा. रंग फार बदलू द्यायचा नाही, पण तुकडा टोस्टसारखा कडक झाला पाहिजे, मधोमध दाबला तर दबता कामा नये. तेवढा वेळ क आणि ख चे तुकडे एका मोठ्या पिशवीत बंद राहू द्या. पेरणी अजून व्हायची आहे, म्हणून ही पिशवी उघडायला हरकत नाही.

सहा तुकडे पुन्हा तोला. समजा आधी ४० ग्रॅम होते आणि आता २८ भरले. गेलेलं पाणी १२ ग्रॅम, एका तुकड्यामागे २ ग्रॅम, म्हणजे २ मिलिलिटर, म्हणजे साधारण ४० थेंब. घ च्या प्रत्येक तुकड्याला एवढं पाणी परत द्यायचं आहे. तुमचा आकडा वेगळा येईल, तोच वापरा.

सुकवलेले तुकडे वीस मिनिटं गार होऊ द्या. गरम तुकडा पिशवीत गेला की आत वाफ धरते आणि कोरडा गट कोरडा राहत नाही.

मग बाराही तुकडे एका ट्रेमध्ये, गट मिसळून, उघडे मांडा आणि अर्धा तास खोलीत ठेवा. ही पेरणी. आधी सुकवून नंतर पेरणी हा क्रम महत्त्वाचा आहे. उलट केलं तर ट्रेमध्ये बसलेले बीजाणू तव्यावर मरतील आणि ग-घ यांचा काही उपयोग उरणार नाही. या अर्ध्या तासात पंखा बंद ठेवा, नाहीतर वाऱ्याच्या बाजूचे तुकडे जास्त वाळतात.

अर्धा तास झाला की पाणी. ख ला १० थेंब, नऊ-दहा जागी विखरून. घ ला ठरलेलं पाणी दोन-तीन खेपांत, मध्ये दोन मिनिटं थांबून. कडक तुकडा पाणी लगेच पीत नाही आणि घाई केली तर ते कडेने ओघळून ट्रेमध्ये जातं. क आणि ग ला काहीच नाही. हे पाणी उकळलेलं वापरायचं, म्हणजे त्यातून आणखी जीव येत नाहीत.

चिमट्याने प्रत्येक तुकडा आपापल्या पिशवीत, हवेकडे असलेली बाजू वरच ठेवून, आडवा सरकवा. पिशवीत हवा राहू द्या. बुरशीला प्राणवायू लागतो आणि चेपून हवा काढलेल्या पिशवीत ती रखडते, शिवाय प्लास्टिक तुकड्याला चिकटून काही दिसेनासं होतं. पण तोंडाने फुंकून पिशवी फुगवू नका, उच्छ्वासाची वाफ सगळं गणित बिघडवते. झिप लावा, तिच्यावरून चिकटपट्टी लावा.

ठेवायचं कुठे

बाराही पिशव्या एकाच ट्रेमध्ये, एकावर एक न रचता. जागा २५ ते ३० अंश तापमानाची, थेट ऊन न येणारी. थर्मामीटर ट्रेमध्येच ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा. २० अंशांच्या आसपासची खोली असेल तर प्रयोग बिघडत नाही, लांबतो. रोज ट्रेची दिशा बदला, म्हणजे भिंतीकडची रांग कायम भिंतीकडे राहणार नाही.

अंधारात ठेवावं असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं असतं. बुरशी प्रकाशावर अन्न तयार करत नाही, पण तिला वाढायला अंधारच हवा असंही नाही. उन्हात ती कमी दिसते याचं मोठं कारण उन्हाने ब्रेड तापतो आणि वाळतो. खोलीतल्या साध्या उजेडाने आपलं काही अडत नाही.

काय दिसतं, कधी

पहिले दोन दिवस काही दिसत नाही, आणि नेमकं तेव्हाच आत काम चालू असतं. बीजाणू पाणी शोषून फुगतो, त्यातून एक नळी बाहेर पडते आणि टोकाकडून लांबत, फांद्या फोडत जाते. हे कवकतंतू ब्रेडमध्ये विकरं (अन्न पचवणारी एन्झाइम) सोडतात, स्टार्चची साखर बाहेरच होते आणि तंतू ती शोषून घेतात. बुरशीखालचा ब्रेड नंतर खचलेला दिसतो तो यामुळे.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी टॉर्च पिशवीच्या कडेने, जवळजवळ आडवा धरून पाहा. समोरून उजेड टाकला तर पांढऱ्यावर पांढरं दिसत नाही. तिरक्या उजेडात ब्रेडच्या एखाद्या भोकाच्या काठावर कापसाच्या तुसासारखी लव उभी दिसते, तिची बारीक सावली पडलेली असते. तोच ‘लव पहिल्यांदा दिसली तो दिवस’ म्हणून लिहायचा. संरक्षक रसायन घातलेल्या ब्रेडवर हीच लव दिसायला आठवडा किंवा त्याहून जास्त लागू शकतो.

तंतू पांढरे असतात, रंग येतो तो बीजाणूंमुळे. म्हणून प्रत्येक डाग आधी पांढरा आणि मग मधून रंगत जातो. निळसर-हिरवा, मखमलीसारखा, सपाट, भोवती पांढरी कड असलेला गोल बहुधा पेनिसिलियमचा. ती पांढरी कड म्हणजे अजून बीजाणू न धरलेली, पुढे सरकणारी नवी वाढ. पिवळट-हिरवा किंवा काळा, रवाळ दिसणारा थर ॲस्परजिलसचा असू शकतो. रायझोपस ओळखायला सगळ्यांत सोपी, कारण तिला सपाट राहवत नाही. करडा-पांढरा कापूस उभा वाढतो, आडवे धावणारे तंतू जिथे टेकतात तिथे मुळांसारखे धागे रोवतात, आणि दोन दिवसांत पिशवीच्या छताला टेकतात. भिंगातून पाहिलं तर प्रत्येक उभ्या धाग्याच्या टोकाला टाचणीच्या डोक्यासारखा गोळा दिसतो, आधी पांढरा, मग काळा. त्या एकेका गोळ्यात शेकडो-हजारो बीजाणू असतात.

नारिंगी-गुलाबी, भुकटीसारखी आणि झपाट्याने पसरणारी बुरशी क्वचित येते. ती न्यूरोस्पोरा असू शकते. एकोणिसाव्या शतकात पॅरिसच्या बेकऱ्यांमध्ये तिचा उपद्रव झाला तेव्हा तिचं वर्णन झालं. पुढे जॉर्ज बीडल आणि एडवर्ड टेटम यांनी तिच्यावरच काम करून जनुकं विकरांवर ताबा ठेवतात हे १९४१ मध्ये दाखवलं, आणि १९५८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला.

वहीत मात्र ‘पेनिसिलियम आली’ असं लिहू नका. नुसत्या रंगावरून जात ठरत नाही, त्याला सूक्ष्मदर्शक लागतो आणि सूक्ष्मदर्शकाला पिशवी उघडावी लागते. ‘निळसर-हिरवा, मखमली, पांढरी कड’ एवढं वर्णन पुरेसं आणि खरं आहे.

मोजणं

रोज एकाच वेळी, एकाच दिव्याखाली, पिशवी न हलवता मोजपट्टी पिशवीवर ठेवा. ज्या घराचा अर्ध्याहून जास्त भाग बुरशीने व्यापला असेल तेच मोजा. २५ घरं, म्हणजे एक घर ४ टक्के. लहान ठिपक्याने अर्धं घरही भरत नसेल तर आकडा शून्य आणि शेजारी ‘ठिपके ३’ अशी नोंद. पिशवीच्या छतावर पसरलेला कापूस मोजायचा नाही, फक्त ब्रेडवरचा. खालची बाजू पाहायची असेल तर तुकडे पहिल्यापासून पारदर्शक ट्रेमध्ये ठेवा आणि खालून पाहा. पिशवी उलटी केली की बीजाणू सगळ्या तुकड्यावर उधळतात आणि पुढचे आकडे वाया जातात.

आकड्यांपेक्षाही ‘लव पहिल्यांदा दिसली तो दिवस’ ही नोंद जास्त भरवशाची वाटते. मोठ्या डागाच्या कडा मोजताना दोघांचे आकडे जुळत नाहीत, पण आहे की नाही यावर सहसा जुळतात.

समजा सातव्या दिवशी क चे तीन तुकडे ४, २८ आणि १६ टक्के आहेत, आणि ख चे ८, ४४ आणि २०. सरासरी १६ आणि २४. नुसती सरासरी पाहिली तर आकडे इतके विखुरलेले आहेत की फरकावर विश्वास बसू नये. आता स्लाइसनुसार जोड्या लावा: ४ आणि ८, २८ आणि ४४, १६ आणि २०. दुसऱ्या स्लाइसवर मुळातच बुरशी जास्त होती, दोन्ही गटांत. पण तिन्ही जोड्यांत ख पुढे आहे. एका स्लाइसमधून चारही तुकडे घेण्याचा फायदा इथे हातात येतो. तीन जोड्या म्हणजे पुरावा अजून कोवळाच आहे. सहा स्लाइस घेतल्या तर जास्त खात्रीने बोलता येईल.

क आणि ख मध्ये फरक अगदी थोडा आला किंवा आलाच नाही तर निराश होऊ नका. ताज्या ब्रेडमध्ये वजनाच्या ३५ ते ४० टक्के पाणीच असतं. बंद पिशवीत ते उडून जात नाही, त्यामुळे बुरशीला क मध्येही पुरेसं पाणी असतं. वर दहा थेंबांनी फार काही बदललं नाही, हेही उत्तरच आहे. शिवाय वाढणारी बुरशी श्वसनातून स्वतःच पाणी तयार करते. पिशवीच्या आतून दव धरतं ते काही अंशी त्यामुळे.

काय बिघडतं आणि का

दहा दिवस झाले तरी कुठेच काही नाही. आधी वेष्टन पुन्हा वाचा, बहुतेक वेळा २८२ तिथेच असतो. नसेल तर तापमानाच्या नोंदी पाहा. दोन्ही ठीक असतील तर आणखी एक आठवडा थांबा.

क वर बुरशी, पण ग आणि घ दोन्ही कोरे. सुकवताना आधीचे बीजाणू मेले आणि अर्ध्या तासात हवेतून पुरेसे नवे बसले नाहीत. पुढच्या वेळी दोन तास उघडे ठेवा; क आणि ख चे तुकडे वाळू लागले तर सगळ्यांवर एक जाळी झाका.

ग वर बुरशी. तुकडा मधून मऊ राहिला होता, किंवा गरम असतानाच पिशवीत गेला. इथे एक गैरसमज नेहमी आडवा येतो: कडक म्हणजे कोरडा. शिळा ब्रेड कडक होतो तो मुख्यतः स्टार्चचे रेणू पुन्हा घट्ट रचले गेल्यामुळे, पाणी बऱ्यापैकी तसंच असतं. म्हणून ‘कडक झालेला ब्रेड’ कोरडा गट म्हणून वापरता येत नाही. वजन घटलंय का, हीच खूण.

तुकडा बुळबुळीत, तपकिरी, चिकट. पाणी जास्त झालं आणि जिवाणूंनी बाजी मारली. काही जिवाणूंचे बीजाणू भट्टीतही टिकतात. तो तुकडा मोजणीतून काढा, ‘का काढला’ ते लिहा, पिशवी बंदच ठेवा.

खडूसारखे पांढरे, सपाट डाग, लव नाही आणि रंगही येत नाही. ते काही प्रकारचे यीस्ट असू शकतात. वेगळ्या रकान्यात नोंदवा.

आतून दव धरल्याने दिसत नाही. पिशवी झटकू नका. ट्रेची जागा रात्री थंड आणि दिवसा गरम होत असेल तर ती बदला. दिसेल तेवढंच मोजा.

याच मांडणीवर दुसरे प्रश्न

थंडीचा परिणाम पाहायचा तर सगळे तुकडे क सारखे ठेवा, अर्धे खोलीत आणि अर्धे फ्रिजमध्ये ४ अंशांच्या आसपास. फ्रिजमध्ये बुरशी मरत नाही, मंदावते; दोन आठवड्यांनी त्याच बंद पिशव्या खोलीत आणून पाहा. त्या पिशव्या अन्नाजवळ न ठेवता झाकणाच्या डब्यात ठेवा.

प्रकाशाचा प्रश्न असेल तर निम्म्या पिशव्यांवर ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळा आणि सगळ्या एकाच ट्रेमध्ये ठेवा. एक कपाटात आणि एक खिडकीत ठेवली तर तुम्ही तापमान मोजताय.

व्हिनेगर, मिठाचं पाणी, लिंबाचा रस यांची तुलना करताना प्रत्येकाचे १० थेंब, आणि चौथा गट १० थेंब साध्या पाण्याचा. कोरडा तुकडा तुलनेला घेतला तर द्रवात काय होतं याचा नाही, ओलाव्याचाच परिणाम दिसेल. व्हिनेगर बहुधा जिंकतं. ॲसेटिक आम्लाचे रेणू पेशीत शिरून तिचं काम अडवतात. ब्रेडमधलं प्रोपिओनेट साधारण याच वाटेने जातं.

हात धुऊन आणि न धुता ब्रेडला लावण्याचा प्रयोग फार लोकप्रिय आहे, पण त्याचा निष्कर्ष जपून काढावा. हातावर असतात ते मुख्यतः जिवाणू, आणि ब्रेडवर दिसते ती बुरशी. न धुतलेल्या हाताच्या तुकड्यावर बुरशी जास्त आली तर हातावरच्या धुळीत बीजाणू होते एवढंच कळतं, हात रोगजंतूंपासून किती स्वच्छ होते ते नाही. ओल्या हाताचा तुकडा ओलाही होतो. धुतल्यावर हात पूर्ण कोरडे करा, नाहीतर धुतलेला हात हरतो आणि साबणावर खापर फुटतं.

शेवटचा दिवस

चौदाव्या दिवशी शेवटची मोजणी करा आणि प्रत्येक पिशवीचा एकेक फोटो, शेजारी पट्टी ठेवून, काढा. मग बाराही पिशव्या न उघडता मोठ्या पिशवीत, ती दुसऱ्या मोठ्या पिशवीत, झिप आणि चिकटपट्टी लावून थेट कचऱ्यात. खताच्या ढिगात नको, कारण त्यासाठी पिशव्या उघडाव्या लागतील. बुरशीचा भाग कापून उरलेला ब्रेड खाण्याचा विचारही नको. तंतू डागाच्या बरेच पुढे, न दिसता गेलेले असतात, आणि काही बुरशींची विषं भाजूनही जात नाहीत.

मध्येच एखादी पिशवी फाटली तर वास घेऊन पाहू नका. ओला कागद अलगद वर टाका म्हणजे बीजाणू उडणार नाहीत, कागदासकट सगळं दुसऱ्या पिशवीत सरकवा, खिडकी उघडा आणि जागा साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. ट्रे, चिमटा, मोजपट्टी गरम पाण्याने आणि साबणाने धुऊन पूर्ण वाळवा, हात धुवा. ड्रॉपर आणि सिरिंज यापुढे औषधासाठी वापरायची नाही. तिच्यावर मार्करने ‘प्रयोग’ असं लिहून सामानातून वेगळी ठेवा.